एका हातानं लागणारं झाकण

दुकानात शिरल्या शिरल्या भोजराजने आपला उजवा हात पाठीमागे नेला आणि शर्टाखाली खोचून टाकला. डिंपलला वाटलं, बाबांना खाज सुटली.

"हे का करून राहिले बाबा?"

"तुझ्या मायले उजवा हात हाय का? मंग मी काऊन दोन हातांनं पाहू?"

गेल्या हंगामात धान कापून खळ्यावर आलं, त्याच आठवड्यात डिंपलच्या आईला, शांतीबाईला लकवा मारला होता. काठी धरून ती अंगणापर्यंत चालू लागली, अडखळत दोनचार शब्द बोलू लागली, पण उजवा हात काही उठला नाही. अर्जुनीकडच्या पाचसात गावांत लग्न असो की तेरवी, बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे करायला शांतीबाईच लागायची. पहाटे पाट्यावर बसली की उजाडेपर्यंत घमेलं भरून वाटण काढायची. आता ती चुलीजवळ फिरकतही नव्हती. कोणी म्हटलं, "काकी, थोडं सांगा तरी," की ती मान हलवून एवढंच म्हणायची, "हात नाही."

सहा महिने भोजराज भात आणि वरण शिजवत होता. भाजी शेजारची नंदाबाई आणून द्यायची. एके दिवशी नागपूरहून डिंपलचा फोन आला, तेव्हा त्याने विचारलं, "ते कापते, वाटते, कणिक मळते, अशी मशीन रायते ना? मायले घेऊन देऊ. हाताचं काम मशीन करन." डिंपल एका कंपनीत नोकरीला होती. ती दोन दिवसांची सुट्टी काढून आली आणि बापलेक सकाळच्या गाडीने गोंदियाला गेले.

दुकानातल्या प्रेमिला नावाच्या मुलीने चार फूड प्रोसेसर ओळीने मांडले. "अंकल, इसमें आटा भी गूंधता है, सलाद भी कटता है, नारियल भी..."

"ते रावू दे बाई. झाकण कसं लागते ते दाखव."

त्याची बोली ऐकून प्रेमिलाही आपल्या बोलीवर आली. "झाकण फिरवाचं काका, खटका वाजते. तोवर मशीन चालतच नाही."

भोजराजने डाव्या हाताने झाकण ठेवून फिरवलं. झाकणासोबत अख्खं भांडंच गरकन फिरलं. दुसऱ्या मशीनला भांड्याचा खटका घट्ट बसत होता, पण खालची मशीनच काचेवरून सरकत गेली. तिसरीचं भांडं इतकं जड की एका हाताने उचलताना ते कलंडलं. शेजारी मिक्सर घ्यायला आलेलं एक जोडपं तोंडावर हात ठेवून हसत होतं. डिंपलला लाज वाटली, आणि लाज वाटल्याची जास्तच लाज वाटली.

चौथी मशीन लहान होती. पायांना रबरी वाट्या होत्या. दाबल्या की त्या काचेला जळूसारख्या चिकटत. भोजराजने झाकण ठेवलं, फिरवलं, खटका वाजला. काढलं, पुन्हा लावलं. असं सातआठ वेळा. बटण डावीकडून दाबून पाहिलं. शेवटी त्याने पाठीमागचा हात बाहेर काढला तेव्हा बोटांना मुंग्या आल्या होत्या.

"हेच दे."

परतीच्या गाडीत त्याने खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. "पायजो आता," तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत लग्नाचे वडे कराले जाते का नाही तुझी माय."

डिंपल दुसऱ्या दिवशी नागपूरला गेली. त्याच्या पुढच्या सकाळी भोजराजने रात्रभर भिजवलेली बरबटी चोळून साल काढून ठेवली, मशीन ओट्यावर दाबून बसवली आणि शांतीबाईला हाताला धरून आणलं. "डाव्या हातानं फिरव. हां, तशी."

तिने फिरवलं. खटका वाजला. भोजराज लहान पोरासारखा हसला. शांतीबाई मात्र हसली नाही.

त्याने झाकण काढून भांडं पुढे केलं. "कर आता तुझ्या मनानं. मी बोलत नाही."

तिने बरबटी टाकली. मग मीठ टाकलं. थोडा वेळ थांबली आणि पुन्हा मीठ टाकलं. ओट्यावर मिरच्या होत्या, लसूण होता, आलं होतं. तिचा हात एकेकावरून फिरत गेला आणि कशावरच थांबला नाही. मग तिने पाण्याचा गिलास उचलला आणि अख्खा भांड्यात ओतला. जी बाई पाट्यावर वाटताना पाण्याचा थेंब पडू द्यायची नाही, तिने.

मशीन चालली आणि थांबली. आत ताकासारखं पातळ काहीतरी झालं होतं. शांतीबाई त्या वाटणाकडे बघत राहिली.

"आता?" तिने विचारलं.

"आता का? तळाचे ना वडे."

तिने वळून भांड्यांकडे पाहिलं. कढई समोर होती. तिने तवा काढला, गॅसवर ठेवला, मग पुन्हा उचलला. तवा धरून ती तशीच उभी राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू रडवेला होत गेला.

"येत नाही," ती म्हणाली. शब्द एकेक करून, ओढून काढावे तसे येत होते. "मले... येत नाही जी. सारं गेलं. हाताचं... निस्तं नाव."

भोजराजला कळायला थोडा वेळ लागला. सहा महिने ती "हात नाही" म्हणत होती, कारण हात नाही असं म्हटलं की लोक पुढे काही विचारत नव्हते. डोक्यातून आपला सारा स्वयंपाक पुसला गेला आहे, हे तिला केव्हाच कळलं होतं. हाताच्या आडोशाला ती ते झाकून बसली होती. आणि त्याने गोंदियापर्यंत जाऊन, हौसेनं, तेवढा आडोसाही काढून घेतला होता.

त्याने तवा तिच्या हातातून घेतला. "वो, रडू नोको. माझंच चुकलं. मी कायले तुले उभं केलं?" ती त्याच्या खांद्याला टेकून रडत राहिली. तो तिच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

संध्याकाळी डिंपलचा फोन आला. "चालते का मशीन?"

"मस्त चालते," तो म्हणाला.

तीन आठवडे तो असंच सांगत राहिला. मधल्या काळात नंदाबाई पुतणीच्या लग्नासाठी विचारायला आली. म्हणाली, मशीन आणली म्हणते, मंग काकीले धाडता का? भोजराजने तिला दारातूनच परत पाठवलं. कांदा कापायला, चटणी वाटायला तो स्वतःच मशीन लावू लागला. शेवटी एका रविवारी फोनवर डिंपल सहज म्हणाली, "आईच्या हातचे वडे खावेसे वाटून राहिले बाबा," तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं.

डिंपल पुढच्या शनिवारी आली. आईला तिने काही विचारलं नाही. रविवारी सकाळी भिजवलेली बरबटी धुतली, मिरची, लसूण, जिरं टाकून मशीनमध्ये जाडसर वाटलं आणि पहिला घाणा काढला. आई शेजारी खुर्चीवर बसून होती. डिंपलने वडा फोडून, फुंकर घालून तिच्या डाव्या हातात दिला.

शांतीबाईने चावून पाहिला. बराच वेळ तोंडात घोळवला. मग मान हलवली.

"माझे... नाही."

डिंपलने वाटणात धने टाकले. पुन्हा नाही. आलं वाढवलं, थोडी हळद टाकली, एक घाणा मंद आचेवर तळला. प्रत्येक वेळी आई मन लावून खाई आणि मान हलवी. चव तिच्या जिभेवर पक्की होती. आपला वडा कसा लागतो ते तिला अजून ठाऊक होतं.

"मंग का पायजे, आई? का टाकत होतीस तू?"

शांतीबाईचे ओठ हलले. कपाळाला आठी पडली, डावा हात हवेत उठला, बोटांनी चिमूटभर काहीतरी धरलं आणि भांड्यावर सोडलं. डिंपल पुढे वाकून त्या बोटांकडे बघत राहिली. आईने पुन्हा चिमूट धरली, पुन्हा सोडली. त्या चिमटीत काय होतं, त्याचं नाव मात्र आलं नाही.

"रावू दे पोरी," भोजराज म्हणाला. "थकली ते."

त्याने गॅस बंद केला आणि तीन ताटल्या घेतल्या. उरलेले वडे तिघांनी तिथेच ओट्याजवळ बसून खाल्ले.