तीन वाक्यांचा खेळ

बेंबळीच्या शाळेत पोचली तेव्हा शाहिस्ताचा आवाज बसला होता. आठवड्यातली ही चौथी शाळा. धाराशिवच्या एका संस्थेकडून ती आणि नंदीश नववीच्या मुलांना बोलतं करायला गावोगाव जात. इथंही पस्तीस पोरं माना खाली घालून बसली होती.

नंदीशनं चेंडू काढला. चेंडू ज्याच्या हातात, त्यानं नाव आणि आवडता पदार्थ सांगायचा. पहिला मुलगा "भात" म्हणाला. मग सगळेच भात म्हणाले. मुली तर चेंडू न बोलताच शेजारणीच्या मांडीवर ठेवत होत्या.

"आता तू घे," नंदीश हळूच म्हणाला. "माझ्याच्यानं होत नाही."

शाहिस्ता खुर्चीत बसली. उभं राहायचं त्राण नव्हतं. "मी तीन गोष्टी सांगते. दोन खऱ्या, एक खोटी. खोटी कुठली ते ओळखा. मला विहिरीत पोहता येतं. माझा भाऊ भूमला राहतो. आणि मला हे काम लई आवडतं."

मग खिडकीजवळची एक मुलगी वर न बघताच म्हणाली, "तिसरी खोटी हाय."

मागं बसलेले वर्गशिक्षक वीरभद्र सर खाकरले. शाहिस्ताला राग यायला हवा होता, तो आला नाही.

"आज तरी खोटीच," ती म्हणाली. "लई दमलेय मी. नाव काय तुझं?"

"सृष्टी."

"तुझ्या तीन सांग."

सृष्टीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आमची म्हैस काल व्याली. मला गणित जमतं. पुढच्या वर्षी मी दहावीला हाय."

"म्हैस." "न्हाय, गणित." पोरं पहिल्यांदाच एकमेकांशी भांडू लागली.

"दहावी खोटी हाय," सृष्टी म्हणाली. "आई अंथरुणाला खिळलीय. घरात करायला दुसरं कुणी न्हाय."

सरांनाही हे ठाऊक नव्हतं.

शाळा सुटल्यावर शाहिस्ता सरांबरोबर सृष्टीच्या घराकडं निघाली. नंदीशनं एसटी चुकेल म्हणून सांगितलं, पण तोही मागून आलाच.

सृष्टीचे वडील बलभीम बायकोच्या उशाशी बसले होते. "शिकवायचं मनात न्हाय असं न्हाय, ताई," ते म्हणाले. "पर म्या रानात गेलो की हिला उठवून बसवायला कोण हाय?"

सरांनी सतरा नंबरच्या अर्जाचं सांगितलं. घरी बसून अभ्यास करायचा आणि दहावीची परीक्षा तेवढी द्यायची. "रविवारी मी येत जाईन," ते म्हणाले.

बलभीम बायकोच्या अंगावरची गोधडी सारखी करू लागले. "परीक्षेपुरतं बघू," शेवटी म्हणाले.

एवढंच पदरात पडलं. शाहिस्तानं आपला नंबर सृष्टीच्या वहीवर लिहिला. सृष्टी म्हणाली, "फोन बाबांकडंच असतोय." तरी तिनं वही नीट दप्तरात ठेवली आणि आईला पाणी पाजायला उठली.

पुढची एसटी तासाभरानं होती. नंदीश थांब्यावर उद्याच्या तामलवाडीच्या शाळेबद्दल बोलत होता. शाहिस्तानं दोनदा हुंकार दिला आणि बसल्या जागीच तिचा डोळा लागला.