जावयाचा पेनड्राइव्ह

वाचनालयाला देणगीत वीस जुने लॅपटॉप मिळाले. ते चालू करून देणारं कुणी नव्हतं. सासरेबुवा तिथले सचिव आणि जावई संगणकवाला, मग काय, लोढणं माझ्याच गळ्यात! एकेकावर लिनक्स चढवत कोण बसणार? मी सासरेबुवांचाच लॅपटॉप नमुना धरला आणि एक पेनड्राइव्ह बनवला. तो खोचायचा, बटण दाबायचं, की हुबेहूब तसाच लॅपटॉप तयार. मी हात झटकले.

उद्घाटनाच्या भाषणात अध्यक्ष "आता आपण कुणावाचून अडणार नाही" म्हणाले आणि चार वाजले. वीसच्या वीस लॅपटॉप सासूबाईंच्या आवाजात कडाडले, "अहो, गोळी घेतली का?"

सासरेबुवांसाठी सासूबाईंनी रोजचा चारचा गजर लावून ठेवला होता. तोही हुबेहूब उतरला होता. अध्यक्षांनी मुकाट्याने खिशातून गोळी काढली.

शरमेने मी त्याच संध्याकाळी सगळे गजर पुसले.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंचा फोन आला. "अहो, तुमचे सगळे लॅपटॉप एकदम बिघडलेत! चार वाजून गेले तरी कुणी काही विचारलंच नाही. अध्यक्ष मघापासून पाण्याचा पेला धरून बसलेत."