बाबांचा कान

जुन्या गाडीच्या इंजिनातला कुठला भाग कधी बदलायचा, हे आमच्या गॅरेजमध्ये माझ्या सासऱ्यांचा कान ठरवायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. आवाजाआधी बदलणं ही चोरी आणि आवाजानंतर थांबणं हा मूर्खपणा, असं ते येईल त्याला ऐकवत. मी गल्ल्यावर बसते, त्यामुळे मला तर रोजच.

हा मान त्यांनी थोरल्या काकांकडून, म्हणजे सख्ख्या भावाकडून काढून घेतला होता. काकांना कमी ऐकू येतंय असा वास लागल्यावर त्यांनी भर गॅरेजमध्ये भावाला बंद इंजिनावर ऐकायला लावलं. काका बराच वेळ ऐकून म्हणाले, "पिस्टन वाजतोय." त्यानंतर ते घरी बसले ते कायमचे. बाबा ही गोष्ट प्रत्येक लग्नात रंगवून सांगत, अगदी काकू समोर जेवत असली तरी.

मला ती गोष्ट कधीच आवडली नाही. पण पिकलं पान गळणार हे त्यांनाही कुणी सांगायला हवं होतं. मध्यंतरी त्यांनी एका टॅक्सीची टायमिंग चेन ऐकली आणि अजून पुष्कळ चालेल म्हणाले. पंधरवडाभरात ती तुटली. ही साखळी तुटली की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, तसे ते आदळले आणि इंजिन भंगारात गेलं. टॅक्सीवाल्याने आमचा उद्धार केला. बाबांनी खापर तेलावर फोडलं आणि कान काही सोडला नाही.

मग एक शाळेतल्या बाई आपली म्हातारी गाडी घेऊन आल्या. त्यांना लांब जायचं होतं आणि चेन आत्ताच बदलावी की परतल्यावर, एवढंच विचारायचं होतं. चेन चांगली खडखडत होती, मला गल्ल्यावर ऐकू येत होती. माझ्या नवऱ्याने बॉनेट उघडलं आणि मागच्या खोलीतून वडिलांना हाताला धरून आणलं. कामगार हातातलं काम टाकून गोळा झाले.

बाबांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. त्यांनी आमची तोंडं पाहिली. सगळे फार गंभीर होते. त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. साखरेच्या दुखण्याने त्यांची बोटं कधीच बधिर झाली होती, मुठीतली थरथर त्यांना कळणार नव्हती. थोड्या वेळाने ते गालात हसले.

"बापाला शिकवतोस होय रे?" ते मुलाला म्हणाले. "बंद गाडीचं काय ऐकू? ही युक्ती माझी आहे."

माझा नवरा त्यांच्याच पोटचा. बाप काय समजेल हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच त्याने इंजिन चालू ठेवलं होतं. बाई बिचाऱ्या गोंधळल्या. काहीतरी चुकतंय असं वाटून त्यांनी आत हात घालून किल्ली फिरवली. जुनी गाडी बंद होताना हिसका देते, तसा तिने दिला. बाबांच्या डोळ्यांदेखत आख्खं इंजिन हललं आणि थांबलं.

त्यांचं हसू ओठांवर तसंच राहिलं, काढायचं कसं ते त्यांना सुचेना. मला त्यांची दया आली, आणि काकू आठवून तेवढंच बरंही वाटलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर मुलाकडे दिला.

"चेन बदल," ते म्हणाले.

"ते मी सकाळीच ठरवलंय, बाबा," नवरा म्हणाला.

आता लग्नांमध्ये ही गोष्ट माझा नवरा सांगतो. जुन्या गोष्टीपेक्षा हिला लोक जास्त हसतात. काकू तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसते. बाबाही हसतात, जरा उशिरा, आमची तोंडं बघून.