तोंडाला फासलेला केक

लग्न चर्चमध्ये लागलं, तेवढंच काय ते शहाणपणाचं. पुढचा सगळा तमाशा अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. पाहुण्यांनी ग्लासांवर चमचे बडवायचे, की नवरा-नवरीनं उठून मुके घ्यायचे. पोरांच्या घशाखाली कोंबडीचा घास सुखानं उतरू देतील तर शपथ. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये याला मजा म्हणतात.

नवरी म्हणजे माझी नात, ब्रिटा. सकाळी मी तिचे केस बांधत होते तेव्हा नवरदेव कोडी तिच्या फोनच्या स्पीकरवर होता. ती त्याला म्हणाली, "हे बघ, केक माझ्या तोंडाला फासायचा नाही. मला नाही आवडत. चारचौघांत तर नाहीच."

"नाही गं बाई, शप्पथ," तो म्हणाला.

संध्याकाळी केक कापला. तिनं त्याला नीट घास भरवला. त्यानं मित्रांकडे बघून डोळा मारला, एका हातानं तिची मान मागून धरली आणि मूठभर केक तिच्या नाकातोंडात चोळला. ती मान सोडवायला बघत होती, तरी हा चोळतोच आहे. हॉल खदाखदा हसला. माझा नवरा व्हर्नन तर टेबलावर थापा मारून हसला. ब्रिटाही हसली, पापण्यांवरचं क्रीम निपटत. मला मेलीला रडू आलं.

"हसायला काय झालं तुला?" मी व्हर्ननला विचारलं.

"अगं, गंमत असते ती. आपल्या लग्नात मी नव्हता फासला तुला?"

फासला होता ना. त्यानंतर याची प्रत्येक गंमत माझ्याच जिवावर. पाहुण्यांसमोर माझ्या स्वयंपाकाची टर, माझ्या भावासमोर माझ्या चालण्याची नक्कल. मी जरा तोंड वाकडं केलं की म्हणायचा, "हिला विनोदच कळत नाही."

मग डीजेनं जोडप्यांचा नाच पुकारला. लग्न झालेल्या सगळ्यांनी नाचायला यायचं, ज्यांच्या लग्नाला कमी वर्षं झालीत त्यांनी आधी बसायचं, आणि शेवटी उरेल ते जोडपं थोर. जणू संसार म्हणजे श्वास कोंडून धरायची शर्यत. व्हर्ननला त्याच्या भावाला, ड्वेनला, हरवायचं होतं, म्हणून मला ओढत नेलं. ड्वेन आणि त्याची बायको बसली, आम्ही उरलो. टाळ्या पडल्या.

डीजेनं माईक पुढे केला. "नव्या जोडप्याला काय सांगाल?"

व्हर्नन म्हणाला, "बायकोला हो म्हणायचं आणि करायचं आपल्याच मनासारखं." हॉल परत खिदळला. कोडीनं शिट्टी मारली.

माईक माझ्याकडे आला. ब्रिटा समोरच बसली होती. कानात अजून क्रीम होतं.

"ब्रिटा, माझ्या लग्नात यानं केक फासला, तेव्हा मीसुद्धा हसले होते," मी म्हणाले. "सगळे हसत होते म्हणून. या माणसाबरोबर एवढी वर्षं काढली म्हणून हे लोक टाळ्या वाजवतायत. मला त्यात कौतुकाचं काही दिसत नाही. तुला हसायची सक्ती नाही, पोरी."

"लाज काढलीस माझी," व्हर्नन कुजबुजला.

"आजीला जरा जास्त झालेली दिसतेय," कोडी मोठ्यानं म्हणाला. एकदोघं हसले. त्यानं ब्रिटाला कोपरानं ढोसलं. "हस की गं."

ती हसली नाही. उठली, सँडल काढून हातात घेतले आणि सगळ्यांच्या मधून सरळ माझ्यापाशी आली.

"आजी," ती म्हणाली, "तुझी गाडी कुठं लावलीयस?"