बर्फावरचं मूठभर मीठ

१९८६ सालची गोष्ट. कच्छच्या छोट्या रणात अगरियांची बिऱ्हाडं मीठ पिकवायला उतरली, आणि त्यांच्या मागोमाग लशीची पेटी घेऊन नर्स कपिलाबेन. आधीची दोन वर्षं बायांनी त्यांना पाहताच पोरं पदराखाली लपवली होती. यंदा वालूनं आपली दोन महिन्यांची जमकू पुढे केली आणि बाकीच्यांनाही राजी केलं.

वालूच्या झोपडीत पेटी ठेवून कपिलाबेन पलीकडच्या बायांना बोलवायला गेल्या. परतल्या तेव्हा वालू मोठ्या कौतुकानं म्हणाली, "बेन, तुमचा बर्फ पाणी व्हायला लागला होता. मी वर मूठभर मीठ टाकलं, कुल्फीवाला टाकतो तसं. आता बघा कसा गारठलाय."

कपिलाबेननी पेटी उघडली. बाटल्या गोठून दगड झाल्या होत्या. डांग्या खोकल्याची ही लस गोठली की कामाची राहत नाही, फेकायची, असं त्यांना शिकवलेलं होतं. बाहेर चौदा बाया उन्हात बसलेल्या. पुढची जीप महिन्यानं.

"काय हो बेन, कुल्फी झाली की काय?" वालूची सासू जीवीमा म्हणाली. बाया हसल्या.

आज परत पाठवलं तर या पुन्हा यायच्या नाहीत. कपिलाबेननी बाटल्या तळहातांत धरून पातळ केल्या आणि जमकूला आणि बाहेरच्या चौदाही पोरांना टोचलं. पुढच्या खेपेला भरून काढू, अशी मनाची समजूत घातली.

महिना भरायच्या आतच डांग्या खोकला आला. आठ दिवस जमकू खोकून खोकून निळी पडत राहिली, आणि गेली. चांगल्या लशीच्या एका टोचणीनंही ती वाचलीच असती असं नाही. पण वाचलीही असती.

"टोचलं होतं ना, बेन? मग?" महिन्यानं परत आलेल्या कपिलाबेनना वालूनं विचारलं.

मिठाचं कपिलाबेनच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "औषध खराब झालं होतं, वालू. चूक माझी."

"तुम्हाला ठाऊक होतं?" जीवीमानं विचारलं.

"होतं."

"मग उठा, बेन. पाणी पिऊन घ्या आणि जा."

त्यानंतर तिथं कुणी पोर पुढे केलं नाही. पुढच्या हिवाळ्यात गोवरानं आणखी पाच नेली. जीवीमा दोन वर्षांनी वारली. कपिलाबेननी बदली मागून घेतली. निवृत्तीनंतर वीरमगामला भावाकडे राहिल्या, तिथंच गेल्या. वालूला पुढे दोन मुलगे झाले. तिनं एकालाही ना सुई लावू दिली, ना थेंब पाजू दिले. धाकट्याचे पाय पोलिओनं गेले. तो ध्रांगध्र्याला पानाच्या गादीवर बसतो.