फुगलेली फळी

"काका, बाबा म्हणतात, हा रेडिओ आमचा नाहीच."

रेडिओवाला हसला. जुने रेडिओ दुरुस्त करण्यात हयात गेली होती, आणि गिऱ्हाइकांच्या तऱ्हा त्याला पाठ होत्या. पण समोर उभी असलेली मुलगी हसली नाही. रेडिओ तिने पोटाशी धरला होता.

"वाजत नाही का?"

"वाजतो हो, छान वाजतो. पण बाबा वर हात ठेवतात आणि ढकलून देतात. परवापासून नीट जेवलेसुद्धा नाहीत."

तिच्या वडिलांची दृष्टी कधीच गेली होती. आता आठवणही विरत चालली होती. लेकीला ते कधी ताई म्हणत, कधी आई. पण रेडिओवर तळवा ठेवला की शांत बसत. तो मुका झाला तेव्हा घरात नुसता आकांत झाला, म्हणून तिने तो इथे आणून टाकला होता.

आवाजाचं काम किरकोळच होतं. पण आत व्हॉल्व्हच्या काचेच्या नळ्या होत्या, त्या तापल्याशिवाय आवाज लागत नसे; त्यांच्या धगीने वरची फळी वर्षानुवर्षं वाळत गेली होती आणि मधोमध चांगली फुगली होती. वाकडी फळी दिसली की रेडिओवाल्याचे हात शिवशिवायचे.

"त्यांनी आवाजाचं सांगितलंय ना? मग फळीच्या वाटेला कशाला जाता?" बायकोने तेव्हाच हटकलं होतं.

"अगं, असल्या वाकड्या तोंडाने घरी पाठवू त्याला?"

"मी नाही का नांदले वाकड्या तोंडाबरोबर?"

दोघंही हसले होते. मग त्याने फळी सोडवली, आतली बाजू ओल्या फडक्याने भिजवली, दोन सपाट पाटांच्या मध्ये ठेवली आणि शिकंजा रोज थोडा थोडा आवळत नेला. घाई केली तर फळी तडकते. सरळ झाल्यावर आतून आडव्या पट्ट्या चिकटवल्या, वर पॉलिश केलं. वर गोटी ठेवली तरी हलली नसती. "आता जन्मात वाकायची नाही," असं त्याने मुलीला मोठ्या दिमाखात सांगितलं होतं.

"तुमचं काही चुकलं नाही काका," मुलगी आता म्हणाली. "माझ्याच लक्षात आलं नाही. ते त्या उंचवट्यावर हात ठेवून बसायचे."

रेडिओवाल्याने रेडिओ तिच्याकडून घेतला. "ठेवून जा," एवढंच तो म्हणाला.

त्याने पट्ट्या उचकटल्या. यावेळी वरची बाजू भिजवली, आतून लाकडाचा तुकडा लावून कडा खाली आवळल्या. पण फुगवटा होता तरी केवढा? केसाएवढी फट मोजणाऱ्या माणसाने तोच मोजला नव्हता. खोड कोण मोजून ठेवतं?

"केवढा होता गं?" त्याने बायकोला विचारलं.

"मला काय ठाऊक? तुम्हीच हात धुऊन मागे लागला होतात त्याच्या," ती म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून जवळ येऊन बसली.

फळी थोडी फुगली. त्याने तो रेडिओ स्वतः त्यांच्या घरी नेला, पण तिथे पोचेपर्यंत फुगवटा पुन्हा बसत आला होता. फळीने त्याचं पहिलंच ऐकायचं ठरवलं होतं.

म्हातारा खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. मुलीने रेडिओ स्टुलावर ठेवला, सुरू केला. म्हाताऱ्याने तळवा वर टेकवला, पुढे सरकवला, मागे आणला, काठापर्यंत चाचपून पाहिलं.

"कोणाचा आहे हा?"

"आपलाच आहे, बाबा."

"नाही गं बाई. ज्यांचा आहे त्यांना देऊन टाक. शोधत असतील बिचारे."

मुलीने रेडिओ बंद केला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

"आणखी कोण आहे इथे?"

"मी, आजोबा. रेडिओ दुरुस्त करतो."

"बरं झालं आलात. आमचा कुठे दिसला तर सांगा हं. वरून फुगलाय जरा, लगेच ओळखाल."

"बघतो," रेडिओवाला म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटली.

म्हाताऱ्याने हात पांघरुणावर ठेवला. बोटं टेकली, तळवा मात्र टेकला नाही, तो तसाच गोलसर राहिला. रेडिओवाला बघतच राहिला. एवढा होता तर! माप मिळालं होतं, पण त्याचं ऐकणारी फळी आता उरली नव्हती.

काय करतोय ते नीट कळण्याआधीच त्याने आपला पालथा हात त्या तळव्याखाली सरकवला. म्हातारा थबकला. त्याची बोटं हलकेच खाली टेकली.

"गार आहे अजून," तो पुटपुटला. "तापायला वेळ लागतो त्याला. लागेल आता आवाज."

मुलगी खिडकीपासून वळली. रेडिओवाल्याने तिच्याकडे पाहिलं नाही. हात काढून घेणं त्याला जमेना. म्हातारा मान किंचित कलती करून ऐकत होता.