कसंही लावा

सुनेने पुठ्ठ्यातून आणखी एक चांदणी कापली आणि सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवली. जेवणाच्या मेजावर आधीच काही गोल होते, काही त्रिकोण होते आणि कात्रीतून सांडलेला कचरा तर सगळीकडेच होता.

"एवढी शिकलीस, कॉलेजात गणित शिकवतेस, आणि घरी चांदण्या कापतेस," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी खेळ बनवतेय, बाबा तपासून देतील का, असं सुनेने विचारलं होतं. त्यांनी मान डोलावली होती. हल्ली ते मानेनेच बोलत. आजारातून उठल्यावर शब्द सगळे परत आले, पण आपापल्या जागा विसरून आले. 'आहे उघडं बघ दार कोण' असं काहीतरी निघे. आयुष्यभर छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून ओळी लावलेला माणूस. त्याचीच ओळ विस्कटली. मग सासूबाई मायेने वाक्य नीट लावून देत, पोरगा लावून देई, आणि एक दिवस त्यांनी तोंडच मिटलं. आता असंच गप्प राहिले तर जीभ गंजेल, असं डॉक्टरीणबाई बजावून गेल्या होत्या. त्या दिवसापासून सासूबाईंच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता.

सुनेने नियम सांगितले. गोल हा भला माणूस, ज्याच्या शेजारी बसेल त्याला तसंच ठेवतो. दोन चांदण्या भेटल्या की त्रिकोण होतो. दोन त्रिकोण भेटले की चांदणी. आणि चांदणीला त्रिकोण भेटला की दोघं मिळून गोल. घरात चिन्हं एवढीच, कितीही जुळवा, चौथं कोणी जन्माला येत नाही.

"अशा कुटुंबाला गट म्हणतात," ती म्हणाली. "यात प्रत्येकाला एक व्यस्त असतो."

"तो माझा मुलगा," सासूबाई म्हणाल्या. "घरी यायलाही वेळ नाही त्याला."

"तसा व्यस्त नाही, आई. परत गोलापाशी घेऊन येतो तो व्यस्त. चांदणीचा त्रिकोण, त्रिकोणाची चांदणी."

सासऱ्यांनी डावा हात पुढे केला, जणू त्यात खिळ्यांची पट्टीच धरली आहे, आणि उजव्या हाताने तळव्यावर तुकडे लावले. चांदणी, त्रिकोण, चांदणी, चांदणी. पहिल्या जोडीचा गोल झाला, दुसरीचा त्रिकोण. उरला त्रिकोण. त्यांनी तुकडे विस्कटले, त्रिकोण शेवटी टाकला आणि पुन्हा जुळवलं. त्रिकोणच. मग उजवीकडून डावीकडे वाचून पाहिलं. मग मधूनच सुरुवात केली. मग चष्मा पुसला आणि सुनेकडे असं पाहिलं, जणू हिने कुठेतरी लबाडी केली आहे.

"कसंही लावा, बाबा," ती म्हणाली. "निघायचं तेच निघतं. क्रमनिरपेक्ष म्हणतात याला. सगळीकडे असं नसतं हं. आधी बूट घालून वर मोजे चढवता येत नाहीत. पण इथे चालतं. कोण आधी, कोण नंतर, याने काही बिघडत नाही."

त्यांनी तो शब्द ओठांतल्या ओठांत लावून पाहिला. आवाज आला नाही. पण ताटं मांडायची वेळ झाली तरी ते तुकडे हलवत राहिले, आणि सासूबाईंनी ताट त्या पसाऱ्यातच सरकवलं.

तिघं जेवायला बसली. सासऱ्यांनी दोन घास खाल्ले, चावता चावता थांबले आणि पाणी प्यायले.

"नाही घातलंस मीठ भाजीत तू," ते म्हणाले.

सासूबाईंचा हात ताटावरच राहिला. सवयीने त्यांचे ओठ उघडले, वाक्य नीट लावून द्यायला. सून पोळीचा तुकडा हातात धरून खाली पाहत होती. ओठ मिटले.

"काय म्हणालात?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचे कान चांगले तिखट होते.

त्यांनी कपाळाला आठी घातली.

"मीठ तू घातलंस नाही भाजीत."

"नीट ऐकू नाही आलं, अहो."

"अगं, भाजीत नाही तू मीठ घातलंस." आता आवाज चढला होता, पूर्वी मशीनच्या खडखडाटावर चढायचा तसा.

"हो का," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि ताट जवळ ओढलं. मिठाचा डबा हाताच्या अंतरावर होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. भराभर जेवू लागल्या, मोठमोठे घास घेत, तीच अळणी भाजी.

"आणि वरण?" त्यांनी विचारलं. "वरणाचं काय म्हणणं आहे तुमचं?"